निरंक अहवाल

धामणखोंड
९ जुलै २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आरोहीची चित्रं पोचली. चित्रं पडवीच्या भिंतीला शितांनी चिकटवून टाकली. दर्शनरावांची पाठ आता कशी आहे ते कळव.

इथे लावणी आटपत आली. मला चिखलात वाकवत नाही, म्हणून आत्मारामची माणसं येऊन आपले भाताचे दोन कुणगे लावून गेली. तो पोलीस पाटील झाल्यापासून वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे जरा जास्तच बघतो.

कानाचं म्हणशील तर डाव्यात जे थोडं उरलं होतं तेही गेलं. मागे तू फोन केलास तेव्हा आत्मारामच्या सुनेने फोन माझ्या कानाला लावून दिला. मला नुसती घरघर ऐकू आली, लोटे गावच्या कंपनीत कॉम्प्रेसरजवळ वीस वर्षं ऐकली तशी. तू रागावली होतीस की हसत होतीस तेही कळलं नाही. त्यापेक्षा पत्र बरं. सावकाश वाचता येतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचता येतं.

एक विचारायचं आहे. तू रेशनच्याच खात्यात आहेस म्हणून विचारतो. रेशन दुकानातल्या मशीनवर एखाद्याचा अंगठाच उमटत नसेल तर त्याने काय करायचं? दुकानदार हर्षद म्हणतो, महिनाअखेर ज्याची केवायसी होणार नाही त्याचं धान्य बंद. इथे एका माणसाचा अंगठा लागत नाही. चारदा पुसून लावला, दहाही बोटं लावून पाहिली. माणूस घरी आहे, जिवंत आहे, कार्ड जुनं आहे. काही उपाय असेल तर लिही.

तुझा आबा


रत्नागिरी
१८ जुलै २०२५

ती. आबा, नमस्कार.

‘एका माणसाचा अंगठा लागत नाही’ हे वाचलं आणि तो माणूस कोण ते मला लगेच कळलं. आई गेली तेव्हाही तुम्ही स्वतःचं दुखणं असंच तिऱ्हाइताच्या नावावर सांगायचात. म्हणून पत्र हातात असतानाच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुमचं कार्ड उघडून पाहिलं. महिपत धाकू शिगवण, केवायसी पूर्ण, हिरवी खूण. तुमचं धान्य चालू राहील. मनातून काढून टाका.

दर्शनची पाठ बरी आहे. माझंच काही खरं नाही. रोज संध्याकाळी प्रत्येक तालुक्याची केवायसीची टक्केवारी वर पाठवायची असते, आणि दर शुक्रवारी मुंबईहून व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक. मागे पडलेला तालुका स्क्रीनवर लाल दिसतो आणि त्याच्या अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत उभं करतात. मग आमचे साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. महिनाअखेर एकही नाव प्रलंबित दिसता कामा नये, असा आदेश आहे. आरोही झोपल्यावर घरी पोचते.

गणपतीला नक्की येणार. कानाच्या डॉक्टरांचं तेव्हा ठरवू. या वेळी नाही म्हणायचं नाही.

तुमची वैष्णवी


धामणखोंड
५ ऑगस्ट २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

तुझा गैरसमज झाला, आणि तो मीच करून दिला. तो माणूस मी नव्हे. ती शेजारची काशीवहिनी, तुझी काशीकाकी. तिने मला शपथ घातली होती की वैष्णवीला माझं नाव कळवू नका. पोरगी मोठ्या ऑफिसात आहे, तिला वाटेल म्हातारी मागायला लागली. म्हणून नाव गाळून लिहिलं. ते गाळायला नको होतं.

ती काजूच्या कारखान्यात किती वर्षं होती ते तुला आठवत असेल. तुझी आई अंथरुणाला होती तेव्हा सकाळी तुझ्या वेण्या घालून मगच ती कारखान्याची गाडी पकडायची. काजूच्या टरफलाचं तेल बोटांना लागून कातडी जळायची. आता तिची बोटं पाहिलीस तर गुळगुळीत आहेत, नदीतल्या गोट्यासारखी. त्यावर रेघच नाही तर मशीन काय वाचणार? डोळ्यांचं मशीनही हर्षदने लावून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तेही लागलं नाही.

काल ती ऑगस्टचं धान्य आणायला गेली. मी बरोबर होतो. हर्षदने मशीनमध्ये बघितलं, पुन्हा बघितलं, मग माझ्याकडे वळून सावकाश बोलला, म्हणजे मला ओठांवरून कळावं. तिचं नाव आता यादीतच नाही. काशीवहिनीने पिशवीची घडी केली आणि कमरेला खोचली. येताना वाटेत माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तोंड वर करून म्हणाली, “भावजी, माजा नाव गेला म्हंतात. मी तं हितंच हाय.”

तिला मूलबाळ नाही, नवरा जाऊन सात वर्षं झाली. महिन्याला मिळणारे तेवढे पाच किलो, त्यावरच ती जगते. तूच बघ आता काय होतं ते.

तुझा आबा


रत्नागिरी
१४ ऑगस्ट २०२५

ती. आबा, नमस्कार.

पत्र वाचून मी काकीचं कार्ड शोधलं. तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असं आहे.

हे कसं झालं ते सांगते. महिनाअखेर ज्यांची केवायसी राहिली होती, त्यांच्यापुढे कारण भरायचं होतं. कारणं ठरवून दिलेली होती: मयत, स्थलांतरित, दुबार नाव, आढळून आले नाही. माणूस घरी आहे पण त्याचं बोट उमटत नाही, असं कारण त्यात नव्हतं. कारण भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. दुकानातून, तलाठ्याकडून, तालुक्यातून, कुठून तरी कुणीतरी त्यातलं एक निवडलं. मी रागाने लिहीत नाही. त्यांनाही रात्री बारापर्यंतचीच मुदत होती.

आमच्याकडे नावं येत नाहीत, आकडे येतात. तुमच्या तालुक्याचे शंभर टक्के झाले तो आकडा मीच भरला. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा मागवला होता.

आता असं करा. तलाठ्याकडून काकीचा रहिवासी दाखला घ्या आणि नाव पुन्हा चढवण्याचा अर्ज तालुक्याला द्या. पोच घ्यायला विसरू नका. मी गणपतीला येते तेव्हा माझ्या फोनवरून चेहऱ्याची केवायसी करून बघू. तशी सोय आहे.

काकीला म्हणावं, वैष्णवीला काहीही वाटलेलं नाही.

तुमची वैष्णवी


धामणखोंड
१२ सप्टेंबर २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

तुम्ही गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. आरोहीची एक चप्पल दारासमोरच्या खळ्यात राहिली आहे, पुढच्या खेपेस ने.

तू इतकी खटपट केलीस, ती वाया गेली याचं वाईट वाटून घेऊ नकोस. रेंज मिळावी म्हणून काशीवहिनीला कातळावर नेऊन उभं केलंस, फोन तिच्या तोंडासमोर धरलास, डोळे मिटा, उघडा म्हणालीस, ती सगळं निमूट करत होती. आणि शेवटी तो आकड्यांचा मेसेज गेला तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नंबरवर. तो नंबर आता कुणाकडे असेल देव जाणे. तू तोंड फिरवून डोळे पुसलेस ते तिने पाहिलं. मला नंतर म्हणाली, पोरीला उगाच रडवलं.

अर्ज दिला आहे. दाखल्यासाठी तलाठी दोनदा भेटला नाही, तिसऱ्यांदा भेटला. चांगला मुलगा आहे. त्याच्याकडे सहा गावं आहेत. पोच या पत्रासोबत पाठवतो.

काशीवहिनीच्या पोटाची काळजी करू नकोस. ती उपाशी नाही. तिचं चाललं आहे.

कानाच्या यंत्राचं दिवाळीनंतर बघू.

तुझा आबा


रत्नागिरी
२९ सप्टेंबर २०२५

ती. आबा, नमस्कार.

पोच मिळाली. अर्ज तालुक्याहून आमच्याकडे आला, तेव्हा मी तो हातात घेऊनच साहेबांकडे गेले. आपल्या शेजारच्या बाई आहेत हे सांगितलं नाही. एक चुकीची नोंद झाली आहे, दुरुस्त करायला हवी, एवढंच म्हटलं.

साहेब वाईट नाहीत. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. मग म्हणाले, “तालुका शंभर टक्के झाल्याचा अहवाल माझ्या सहीने गेला आहे. आता एक नाव चुकलं म्हणून लिहिलं, की वरून विचारतील, अजून किती चुकली? मग सगळंच उघडावं लागेल.” पुढच्या टप्प्यात दुरुस्त्यांसाठी मुदत मिळणार आहे, तेव्हा हे नाव घालू, असं ठरलं. टप्पा बहुतेक डिसेंबरात.

मी आणखी भांडले असते. पण ती उपाशी नाही असं तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून थांबले. उगाच आत्ताच सगळ्यांच्या डोळ्यांवर यायला नको, असं वाटलं. आत्मारामकाका आणि तुम्ही मिळून डिसेंबरपर्यंत सांभाळाल ना?

कापणीला तुम्ही स्वतः उतरू नका.

तुमची वैष्णवी


धामणखोंड
२४ ऑक्टोबर २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

काशीवहिनी गेली. पाडव्याच्या सकाळी आत्मारामची सून फराळाचं ताट द्यायला गेली तेव्हा तिला कळलं. अंगात ताप असावा, असं म्हणतात. आत्मारामने धरून नेलं, अग्नी मी दिला.

मी त्याआधी आठवडाभर अंथरुणात होतो. तापाने, शेतातलं पाणी बाधलं. आत्मारामने डॉक्टरकडे नेऊन आणलं. तुला कळवू नको असं मीच सांगितलं होतं. आता उठून बसतो.

जास्त लिहवत नाही.

आबा


रत्नागिरी
३१ ऑक्टोबर २०२५

ती. आबा, नमस्कार.

तुम्ही आजारी होतात हे मला असं कळावं? मी निघणारच होते, पण इथे जे झालं आहे त्यामुळे रजा मिळत नाही.

काकीच्या मरणाची बातमी इथल्या एका पेपरात आली. ‘रेशन बंद झालेल्या वृद्धेचा मृत्यू.’ गावाचं नाव आहे, काकीचं नाव चुकीचं छापलंय. त्यावरून मुंबईहून विचारणा आली आणि अहवाल मागवला आहे. त्याचा नमुना ठरलेला असतो. मृत्यूचं कारण, घरात धान्य होतं की नव्हतं, शेजाऱ्यांचे जबाब. आम्ही दर महिन्याला एक तक्ता पाठवतो, त्यात भूकबळी हा शेवटचा रकाना. मी नोकरीला लागल्यापासून त्यात ‘निरंक’ लिहीत आले आहे. निरंक म्हणजे काही नाही. आजपर्यंत मी तो शब्द लिहिताना कधी थांबले नव्हते.

तलाठी पंचनाम्याला येईल. तुम्ही सर्वांत जवळचे शेजारी, म्हणून तुम्हालाही बोलावतील. आबा, तुम्हाला खोटं बोला असं मी सांगणार नाही. पण तुम्हीच लिहिलं होतंत की ती उपाशी नव्हती. तिच्या घरात धान्य असेल तर ते होतं एवढं सांगा. ती म्हातारी होती, ताप होता, हेही खरंच आहे. साहेबांनी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही, पण शंभर टक्क्यांचा आकडा कुणी भरला ते कॉम्प्युटरवर दिसतं. वर सही साहेबांची आहे आणि खाली नाव माझं. दर्शनच्या कंपनीने निम्मी माणसं कमी केली हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. सध्या घर माझ्या पगारावर चालतं.

हे लिहिताना मला लाज वाटते आहे. तरी लिहिते.

तुमची वैष्णवी


धामणखोंड
११ नोव्हेंबर २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

पंचनामा झाला. काय झालं ते क्रमाने लिहितो, कारण तुझ्यापर्यंत कागद येईल त्यात ते नसेल.

तलाठी, आत्माराम, हर्षद आणि मी असे चौघे काशीवहिनीच्या घरात गेलो. चुलीजवळ तांदळाचा डबा होता. तलाठ्याने झाकण काढलं. डबा जवळजवळ भरलेला. मी वाकून त्यातला मूठभर हातात घेतला.

तो तांदूळ माझा होता. आपल्या वरच्या कुणग्यातला, लाल. रेशनचा पांढरा असतो, कुणालाही फरक कळेल. ऑगस्टपासून मी तिला देत होतो. ती घ्यायची नाही, म्हणून ती पाण्याला गेली की डब्यात ओतून यायचो. तुला लिहिलं नाही, कारण तिने बोभाटा नको म्हटलं होतं. मला वाटत होतं, ती खाते आहे. म्हणून तुला लिहिलं, उपाशी नाही. ती मूठभर घेऊन त्याची पातळ पेज करायची आणि तीच दोन वेळा पुरवायची. बाकीचा साठवत होती. हे आत्मारामच्या सुनेला ठाऊक होतं. तिला म्हणाली होती, नाव परत लागलं की भावजींचा तांदूळ परत करायचा आहे.

तलाठ्याने लिहिलं, घरात पुरेसं धान्य आढळलं. मी म्हणालो, “तो तांदूळ माझा आहे.” मी मोठ्याने बोललो असेन, कारण सगळे दचकले. त्याला माझ्याशी बोलता येईना, म्हणून त्याने वहीचं पान फाडून त्यावर लिहून दाखवलं: कोणाचा ते विचारलेले नाही. होता की नव्हता एवढेच लिहायचे आहे.

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी सही केली. पण सहीखाली माझ्या हाताने लिहिलं, की हा तांदूळ मी दिलेला आहे, हिचं रेशन तीन महिने बंद होतं. तलाठ्याने ते वाचलं, आत्मारामकडे बघितलं आणि कागद फाडला. रागाने नाही. छापील कागदावर जादा मजकूर चालत नाही, असं त्याने पुन्हा लिहून दाखवलं. दुसरा कागद काढला. त्यावर आत्माराम आणि हर्षदने सह्या केल्या. माझ्यापुढे तो आलाच नाही.

अजून एक आहे. ते मला त्या दिवशीच कळलं. काशीवहिनी तापाने पडली तेव्हा मीही इकडे पडलेलो होतो, मध्ये एक कुडाची भिंत. तिला उठवत नव्हतं. आत्मारामची सून रडत रडत माझ्या हातावर बोटाने अक्षरं काढून सांगत होती, मग तिने पाटी आणली. दोन दिवस काशीवहिनी ताट वाजवत होती. सगळ्या वाडीने ऐकलं. सगळ्यांना वाटलं, परसात माकडं आली आहेत, म्हातारी हाकलते आहे. हल्ली सगळेच ताटं वाजवतात. तिसऱ्या दिवशी ताट वाजलं नाही, तेव्हा लोकांना वाटलं माकडं गेली.

ती ते माझ्यासाठी वाजवत होती. शेजारी मीच होतो.

तुझ्या नोकरीला धक्का लागू नये असं मलाही वाटतं. दर्शनरावांचं आधी सांगायचं होतंस.

तुझा आबा


रत्नागिरी
२६ नोव्हेंबर २०२५

ती. आबा, नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

अहवाल गेला. तालुक्याहून आलेला मजकूर मीच टाइप केला. मृत्यू वार्धक्य व तापामुळे. घरात पुरेसे धान्य आढळले. दोन पंचांच्या सह्या. आणि शेवटी एक ओळ होती: शेजारी राहणारे श्री. महिपत धाकू शिगवण यांना ऐकू येत नसल्याने त्यांचा जबाब ग्राह्य धरता आला नाही.

ते माझे वडील आहेत हे इथे कुणाला माहीत नाही, माझं आडनाव लग्नानंतर बदललं. त्या ओळीपाशी मी हात काढून घेतला. उठून पाणी प्यायले. साहेबांना सांगावं, असं वाटलं. त्यांच्या दारापर्यंत गेले, ते फोनवर होते. त्यांनी मान वर करून झालं का असं खुणेने विचारलं. मी हो म्हटलं आणि परत येऊन ती ओळ टाइप केली. महिन्याच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात निरंक लिहिलं. त्या शंभर टक्क्यांच्या आकड्यासाठी मला नोटीस यायची होती, ती आता येणार नाही.

मग काकीला कॉम्प्युटरवर मयत दाखवायचं होतं, पण ते होईना. स्थलांतरित माणसाला मयत करता येत नाही. आधी नाव परत घ्यावं लागतं. जे नाव डिसेंबरशिवाय परत घेता येणार नव्हतं, ते घ्यायला साहेबांनी परवा पाच मिनिटांत परवानगी दिली. काकी एक दिवस यादीत होती. दुसऱ्या दिवशी काढली.

परवा आरोही जेवताना ताटलीवर चमचा वाजवत होती. मी तिला थोबाडीत मारली. मी तिला आजपर्यंत कधी मारलं नव्हतं. तिने रडत विचारलं, मी काय केलं?

तुम्ही इकडे या. एकटे राहू नका. यंत्राचं मी ठरवलं आहे, पैशांचं बघू. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं लिहा, पण लिहा.

वैष्णवी


धामणखोंड
९ डिसेंबर २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

तोंड बघायचं नाही असं माझ्या मनात आलं नाही. राग आला होता. तो तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, ते मला वेगळं करता येईना, म्हणून सोडून दिला. आरोहीला जवळ घे. तिला तिच्या काशीआजीबद्दल सांग. वेण्यांचं सांग, बाकीचं ती मोठी झाल्यावर.

मला ऐकू येत नाही ही ओळ तू टाइप केलीस. ती खरी आहे, त्यात तू काही खोटं लिहिलं नाहीस. मी रोज त्यावर विचार करतो. वाडीत सगळ्यांना ऐकू आलं आणि कुणाला समजलं नाही. मला समजलं असतं, पण ऐकू आलं नाही. यातलं जास्त वाईट कुठलं ते मला ठरवता येत नाही. यंत्र लावून घेईन. आधी लावलं असतं तर, हे तूही मनात आणू नकोस, मीही आणणार नाही असा प्रयत्न करतो.

पण रत्नागिरीला येत नाही. कारण लिहितो. हर्षदच्या मशीनमधून आणखी नावं गेली आहेत. मी दुकानाच्या पायरीवर बसून येणारी-जाणारी माणसं बघितली. रिकामी पिशवी घेऊन परत जाणारी मला ओळखता येतात. वाडीच्या वरच्या आवाठातली मालन, तिची नणंद कमळा आणि सुतारांचा रावजी. एकीचे हात काजूने गेले, एकीचं कार्ड अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर, रावजीला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्याची मूठच उघडत नाही. मी त्या तिघांना विचारून त्यांचे अर्ज लिहिले. त्यात लिहिलं की ही माणसं इथे राहतात, कुठे गेलेली नाहीत, मी त्यांना रोज बघतो. जबाबदार शेजारी म्हणून खाली माझी सही आहे. मला ऐकू येत नाही हे मी स्वतःच आधी लिहून टाकलं, आणि पुढे लिहिलं की दिसतं.

ते अर्ज रजिस्टर पोस्टाने तुमच्या ऑफिसला पाठवले आहेत. तुझ्या नावाने नाही, साहेबांच्या. तुझ्या टेबलावर येतील तेव्हा माझी सही बघून ते लपवू नकोस आणि वरही काढू नकोस. इतरांचे घेतेस तसे घे. पोच मात्र पाठव.

उत्तर येईपर्यंत मी रोज सकाळी त्या तिन्ही घरांवरून जाऊन येतो. बोलणं काही होत नाही. खळ्यात उभा राहतो. आतलं माणूस उठून चुलीपाशी आलेलं दिसलं, की पुढच्या घराकडे जातो.

तुझा आबा